उन्हातल्या कुंड्या

"गरम पाणी वतल्याबिगर पान असं भाजत न्हाय, दानेश्वरी."

चंद्रव्वाने करपलेलं पान मधल्या भिंतीवर ठेवलं. शेजारच्या दानेश्वरीने ते उलटसुलट करून पाहिलं.

"मी वतलं म्हनता, अक्का?"

"फांदी मागितलीस, मी दिली न्हाय. राग आसंल की."

"राग आला तर तोंडावर बोलीन. झाडाला कशाला भाजू?"

चंद्रव्वाला ते पटलं नाही. पूर्वी या गल्लीत दुपारी कुणी कडी लावत नसे. आता कुणाचा भरवसा धरावा? मागे यजमानांचा चष्मा तांदळाच्या डब्यात सापडला, तेव्हा तिने कामवालीला काढून टाकलं होतं.

लेकीने पुण्याहून मॉन्स्टेरा आणि पीस लिलीच्या पाच-सहा कुंड्या आणल्या, तेव्हा बजावलं होतं, "ही घरात ठेवायची झाडं, आई. सोलापूरच्या उन्हात जळून जातील." चंद्रव्वाने ती अंगणात निंबाच्या सावलीत ठेवली, भोवती ओलं गोणपाट बांधलं. पानं सुपाएवढी झाली. आणि आता ही दशा.

त्या दुपारी तिने झोपेचं सोंग घेतलं आणि खिडकीच्या फटीतून दानेश्वरीच्या दारावर नजर ठेवली.

दार वाजलं ते तिच्याच घराचं. वीरभद्रप्पा, तिचे यजमान, अंगणात उतरले. अक्कलकोट रोडला सूत रंगवण्याच्या कारखान्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी एकेक कुंडी सावलीतून ओढून भर उन्हात ओळीने मांडली. मग बांबूवर वाळत घातलेल्या सुताच्या लडी फिरवाव्यात तशी प्रत्येक कुंडी थोडी फिरवली. ऊन कललं की, तिची झोप मोडायच्या आत, हा सगळा माल परत निंबाखाली जात असणार.

ती बाहेर आली. "अहो, हे काय चाललंय?"

"हिरवा माल हाय. वाळल्याबिगर शेट हात लावत न्हाय." त्यांनी कपाळाचा घाम पुसला, तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू कोन गं? नवीन लागलीस व्हय कामाला?"

भिंतीपलीकडे दानेश्वरी उभी होती. तिच्याकडे बघायचा धीर चंद्रव्वाला झाला नाही.

"व्हय," ती म्हणाली. "आजच लागले."

"मग हुबी काय ऱ्हायलीस? धर की ती कड."

मॉन्स्टेराची मोठी कुंडी तेवढी सावलीत उरली होती. चंद्रव्वाने पदर खोचला, वाकून कुंडीची कड धरली आणि त्यांच्या पावलाला पाऊल जुळवत उन्हाकडे निघाली.