गाडीतला अभ्यास

वसतिगृहाच्या अर्जात प्रश्न होता, 'तुम्हाला इथे का राहायचंय?' माझ्या लेकीनं, लोसालिनेनं, लिहिलं होतं, 'घरात मला टेबल नाही. मी दारातल्या गाडीत अभ्यास करते.'

माझं डोकंच फिरलं. टोंगाहून ऑकलंडला येणारं आमचं प्रत्येक माणूस आधी आमच्याकडे उतरतं. पाहुण्यांना मी तिचीच खोली देते. चर्चमध्ये माझं कौतुक होतं ते त्याचंच.

"खोड ते! लोक काय म्हणतील?"

"आई, अर्ज वाचणारे आपले चर्चवाले नाहीत गं."

"तरी खोड. म्हणे गाडीत अभ्यास! फोनवर खिदळायला जातेस, कळतं मला."

तिनं ते खोडलं. 'घर माणसांनी भरलेलं आहे, सगळे माया करतात,' असं लिहून तिनं अर्ज पाठवून दिला.

दुपारी पाहुण्यांसाठी तारोचे कंद आणायला गेले. पिशव्या ठेवायला गाडीचं मागचं दार पहिल्यांदाच मी उघडलं. एरवी ते काम तिचं. पुढच्या सीटच्या पाठीला रसायनशास्त्राची सूत्रं चिकटवलेली होती. त्यांच्याखाली एक पिवळा पडलेला कागद होता. त्यावर लहान मुलीच्या वेड्यावाकड्या अक्षरात बाराचा पाढा होता.