अगं, तुलाच सांगतेय

पॉडकास्ट म्हणजे काय, ते मला विचारू नका. माझी नणंद माझ्या शिवणाच्या दुकानात बसून मोबाइलशी एकटीच बोलते आणि तेवढा वेळ मी मशीन बंद ठेवायची, एवढंच मला कळलं होतं. दुकानच का, तर चारी बाजूंना कापडाचे तागे असल्याने तिथे आवाज घुमत नाही. म्हणजे दुकान माझं, गिऱ्हाइकं माझी आणि गप्प बसायचं तेही मीच.

पण चालवून घेत होते. पोरगी शाळेपासून व्हॉलीबॉल खेळली. डाव्या हाताने असा बॉल हाणायची की सगळे तिला डावरीच म्हणायला लागले. मग खांद्याने दगा दिला आणि क्लबने तिचं नाव काढून टाकलं. आता ती कुरिअरच्या काउंटरवर दिवसभर पार्सलांना लेबलं चिकटवते.

एका स्टुडिओवाल्याने तिला खेळांवर कार्यक्रम करायला द्यायचं कबूल केलं होतं. पहिला नमुना ऐकून त्याने उलट विचारलं, "छान आहे, पण हे कोणासाठी आहे?" शनिवारपर्यंत उत्तर आणि नवा नमुना द्यायचा, नाहीतर संधी दुसऱ्या कोणाला. खेळाशी तिचा एवढाच धागा उरला होता. तो तुटला तर ही पोरगी कायमची मिटून जाईल, अशी मला भीती वाटत होती.

"सगळ्यांसाठी आहे, असं सांगते," ती जेवताना म्हणाली.

"मग क्रिकेट घे," आमचे हे म्हणाले. हे बस चालवतात आणि कुठलाही विषय शेवटी क्रिकेटवर नेऊन उभा करतात. "क्रिकेटला मरण नाही. थोडं फुटबॉल घाल, थोडं टेनिस."

"आणि वरून कोथिंबीर," मी म्हटलं. "अगं, दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. तू तर गावभर जेवायला निघालीस."

ती हसली नाही. ताट तसंच ठेवून उठली, तेव्हा मला माझ्याच जिभेचा राग आला.

दुसऱ्या दिवशी दुकानात पुन्हा सुरू. "नमस्कार मित्रांनो! आज आपण जाणून घेणार आहोत..." स्टेशनवर गाडी उशिरा येणार असल्याचं सांगतात ना, तसा आवाज.

"मित्रांनो म्हणताना तू बघतेस कोणाकडे?" मी विचारलं.

"कोणाकडेच नाही."

"तेच ऐकू येतंय."

ती चिडून काहीतरी बोलणार तेवढ्यात एक बाई आत आल्या. मागून त्यांची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. बाईंनी पिशवीतून शाळेच्या टीमचा टी-शर्ट आणि पांढरी शॉर्ट काढली. "हे हिच्या धाकट्या भावाच्या मापाचं करून द्या. हिने खेळ सोडला. कपडे चांगले आहेत, वाया कशाला घालवायचे?"

मी टेप उचलली. मुलगी बटणांच्या डब्यात डोकं घालून उभी होती.

"का गं सोडलास?" डावरीने विचारलं.

"अभ्यास असतो."

"अभ्यास, की ही पांढरी शॉर्ट?"

मुलीने चटकन आईकडे पाहिलं.

"अगं, मी तर एकदा मॅच अर्ध्यात टाकून बाथरूममध्ये जाऊन बसले होते," डावरी म्हणाली. "पाळी आली होती आणि मला वाटलं, सगळं मैदान माझ्या मागेच बघतंय. पोटात कळ आली म्हणून थाप मारली. नंतर कळलं, टीममधल्या निम्म्या जणी दर महिन्याला हीच थाप मारायच्या. मग आम्ही सगळ्या मिळून मॅडमकडे गेलो. म्हटलं, काळी शॉर्ट द्या, नाहीतर आम्ही कोणीच येत नाही. मिळाली की! एकटीने मागायला लाज वाटते गं, सगळ्यांनी मागायला नाही वाटत."

"आणि तोवर मी आतून जाड कापडाचं अस्तर लावून देते," मी मध्येच तोंड घातलं. "बाहेरून कोणाच्या बापाला कळणार नाही."

मुलगी पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "आणि धावताना छातीकडे बघून मुलं हसतात, त्याचं काय करायचं?" डावरीने तिला त्याचंही सांगितलं. कुठल्या प्रकारची ब्रा घालायची, हसणाऱ्याला काय ऐकवायचं, मॅडमशी कसं बोलायचं, सगळं. आई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी टी-शर्ट घडी करून पिशवीत ठेवला. "हा राहू दे. शॉर्टला तेवढं अस्तर लावा," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर बघतो तर मोबाइलवर रेकॉर्डिंग चालूच. डावरीने ते ऐकलं. मग त्या मायलेकींचं सगळं बोलणं तिने पुसून टाकलं, दार लावलं आणि स्वतःचं तेवढं नव्याने बोलली. सुरुवातच केली, "अगं, तुलाच सांगतेय, ऐक."

शनिवारी दुकान बंद करून मीही सोबत गेले. स्टुडिओवाला चाळिशीचा, मवाळ माणूस. त्याने डोळे मिटून सगळं ऐकलं.

"आवाजात जीव आला," तो म्हणाला. "पण 'अगं' म्हटलंत की अर्धे श्रोते उठून गेले."

"जाऊ देत," डावरी म्हणाली. "शाळेत आम्ही बारा जणी खेळायचो. दहावीला तिघी उरलो. आम्हा तिघींची बक्षिसं सगळ्यांनी मोजली. त्या नऊ जणींशी कोणी बोललंच नाही. माझा कार्यक्रम त्यांच्यासाठी."

तो विचारात पडला. "पटतंय. पण ज्यांनी सोडलं, त्या खेळाचं कशाला ऐकतील? विसरूनही गेल्या असतील."

तिची मान खाली गेलेली मला बघवेना.

"मी लांब उडी मारायचे," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मीच दचकले होते. हे मी कधी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. "चौदाव्या वर्षी आई म्हणाली, आता मोठी झालीस, पुरे. मीही म्हटलं, पुरे."

"किती जायची उडी?" स्टुडिओवाल्याने विचारलं.

"चार मीटर बारा."

गिऱ्हाइकाचं माप लिहून घेतल्याशिवाय माझ्या डोक्यात राहत नाही. हा आकडा मात्र श्वास न घेता बाहेर आला. मागोमाग रडूही आलं, आणि त्या परक्या माणसासमोर मला ते आवरता येईना.

त्याने पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला. मग त्याने डावरीला विचारलं, "पहिला भाग कधी देताय?"

तिचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. खुर्ची माझ्याकडे वळवून तिने मोबाइल आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. "वहिनी, रेकॉर्ड करू?"

मी मान हलवली.

"उडीच्या खड्ड्यातली वाळू कशी असायची गं? कोरडी की ओली?"

"ओली," मी म्हटलं. "उडी मारायच्या आधी आम्हीच पाणी मारून ठेवायचो."