वसुबारसेचा घास

माझ्या सासऱ्यांच्या उजव्या हाताला आमच्या नंदनवन वस्तीत फार मान होता. गुराच्या घशात काही अडकलं की लोक डॉक्टरच्या आधी रुपरावांना फोन करत. आंब्याची कोय, अख्खा बटाटा, एकदा तर कोणा भाविकाने शिळ्या पुऱ्यांसकट चारलेली प्लास्टिकची पन्नी, सगळं त्यांनी कोपरापर्यंत हात घालून बाहेर काढलेलं. ते किस्से सांगताना सासरे, मी त्यांना मामाजी म्हणते, शर्टाची बाही वर सरकवत. आम्ही घरचे ऐकून ऐकून कंटाळलो होतो, पण त्या हाताचा आम्हालाही अभिमान होताच.

त्यामुळे मागच्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या दिवशी मोगरीने चारा सोडला, तेव्हा घरात कोणाला घोर लागला नाही. मला सोडून. मोगरी आमच्या गोठ्यातली सगळ्यात गरीब गाय, नुकतीच व्यालेली. तिच्या तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. बादली पुढे केली की ती मान लांब करायची आणि पाण्याला तोंड लावून तशीच मागे घ्यायची. तिचं हंबरणंही बदललं होतं. वासरू समोर बांधलेलं असताना ती कोऱ्या भिंतीकडे पाहून घोगऱ्या, फाटक्या आवाजात हंबरायची, थांबायची, पुन्हा हंबरायची. वासरू तिच्याजवळ जायला तयार नव्हतं.

"डॉक्टरले बोलवा, मामाजी," मी म्हटलं.

"काहून? मी काय मेलो का?" त्यांनी बाही वर केली. "अडकलं असंन काही. आता काढून देतो."

"तुमच्या अंगठ्याले चीर पडली हाय. कालच तं कुट्टीच्या मशीननं लागलं."

"लागलं तं लागलं. तू जाय, चहा मांड."

माझा राग नाकावर असतो असं सगळं सासर म्हणतं. असेल. पण त्या वेळी मी चहा मांडायला गेले नाही, तिथेच उभी राहिले. मामाजींनी हाताला तेल चोळलं, मोगरीची जीभ बाजूला धरून हात आत घातला, बराच वेळ चाचपलं आणि लाळेने माखलेला रिकामा हात बाहेर काढला. घशात काहीच नव्हतं. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे प्रयागबाईंनी, लगेच नजर लागल्याचं ठरवलं आणि मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी वसुबारस. आमच्याकडे त्या संध्याकाळी गाय-वासरू फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभं करतात आणि आसपासच्या फ्लॅटमधल्या बाया ताटं घेऊन येतात. गोठे राहिलेत किती आता? वर्षभर आमच्या शेणाच्या वासाची तक्रार करणाऱ्या बाया त्या दिवशी मोगरीच्या पाया पडतात, हे मला दरवर्षी गमतीचं वाटायचं. त्या वर्षी मी मामाजींशी भांडले. तिला बरं नाही, बाहेर नका काढू, म्हटलं. ते म्हणाले, वर्षाचा मान हाय तिचा, लोकं का माघारी पाठवाचे?

आणि त्यांनी तिला बाहेर काढलं.

मोगरी उभी होती, पण मागचे पाय किंचित लटपटत होते. कान सारखा फडफडत होता. "यंदा किती शांत झाली वं ही," आमच्या शेजारच्या यमुताई म्हणाल्या आणि तोंडाचा फेस त्यांनी कौतुकाने आपल्या पदराने पुसला. उडदाचा वडा, बाजरीची भाकर, भात. घास हातानेच द्यायचा असतो, थेट तोंडात, तरच तो गायीला पोचतो असं बाया मानतात. मोगरीला गिळता येत नव्हतं. घास ओघळून खाली पडे आणि बाई तो उचलून पुन्हा तोंडात सारे.

अंधार पडता पडता एक पिवळी स्कूटी थांबली. खांद्याला ऑफिसची बॅग, गळ्यात कार्ड, तिशीच्या आतली पोरगी. आमच्या ओळखीची नव्हती. "सदरच्या ऑफिसातून येऊन राहिली मी," ती यमुताईंना म्हणाली, "गाय दिसली तं राहवलं नाही. ताट नाही माह्याकडे. तुमचा एक वडा देता का, काकू?"

तिने वडा मोगरीच्या तोंडात धरला. एवढा वेळ सैल असलेला तो जबडा एकदम मिटला. पोरगी ओरडली, हात ओढला. बोटावर रक्त आलं होतं. मी धावले, पण मामाजी माझ्या आधी बोलले.

"पावली वं पोरी तुले! गाय असा कोणाचाबी हात धरत नसते."

ती हसली. बोट तोंडात घालून चोखलं. मग दुसऱ्या हाताने मोबाईल काढून मोगरीसोबत आणि मामाजींसोबत फोटो घेतला, मोगरीचं शेपूट डोळ्यांना लावलं. "पुढच्या वर्षी इथीच येईन," म्हणाली आणि गेली. मी गाडीचा नंबरही पाहिला नाही. कोण पाहतं?

सकाळी मोगरी खांबावर डोकं आपटत होती. शिंगाच्या बुडातून रक्त येत होतं. आता मी कोणाला विचारलं नाही, सरळ जनावरांच्या डॉक्टर सोनिका मॅडमना फोन लावला. त्या आल्या, लांबूनच पाहत राहिल्या, मग हातमोजे चढवले.

"हिच्या तोंडात कोणी हात घातला होता?"

मामाजी खाली पाहू लागले.

"हिला मध्यंतरी कुत्रं चावलं होतं का?"

चावलं होतं. गणपतीच्या दिवसांत एक तांबडं कुत्रं गोठ्यात शिरलं होतं, मोगरीच्या नाकपुडीला ओरखडा निघाला होता. सासूबाईंनी त्यात हळद भरली, ओरखडा सुकला, आम्ही विसरलो.

"गाय का कधी पागल होते, मॅडम?" मामाजींनी विचारलं. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच जोर नव्हता.

"होते, काका. पिसाळलेल्या कुत्र्याचं विष जखमेतून हळूहळू मेंदूपर्यंत चढतं. गाय असो, म्हैस असो, माणूस असो."

"मंग इलाज?"

"हिला नाही. तुम्हाला आहे, पण आजच्या आज. एकदा लक्षणं दिसली की कोणालाच नाही."

लक्ष्मीपूजनाच्या आत मोगरी गेली. मी मामाजींना अक्षरशः दंडाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. घरातल्या सगळ्यांना इंजेक्शनं दिली. मग मी दारोदार फिरले. मामाजींनी अडवलं, डेअरी बुडवाची हाय का तुले, म्हणाले. मी म्हटलं, बुडू दे. ऐन दिवाळीत असं अभद्र सांगते म्हणून यमुताईंनी माझ्या तोंडावर दार आपटलं, पण संध्याकाळी त्याच गुपचूप ऑटो करून दवाखान्यात जाऊन आल्या. एकेक करून सगळ्या गेल्या.

राहिली ती पिवळी स्कूटीवाली. चावलेलं फक्त तिलाच होतं.

मी फाटकासमोरच्या फरशीवर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं, वसुबारसेला इथे घास देताना गायीने चावलेल्या ताईने ताबडतोब इंजेक्शन घ्यावं. पहाटे सासूबाईंनी सडा घातला आणि त्या जागी लक्ष्मीची पावलं काढली. मी तणतणले. त्या म्हणाल्या, सणाच्या दिवशी दारात असं लिवतात का वं? मी वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. वर चार जणांनी हात जोडले, खाली पणत्या आणि शुभेच्छा येत गेल्या, माझा निरोप कुठल्या कुठे वर निघून गेला. दिवाळी संपल्यावर मी सदरला गेले, ऑफिसं सुटायच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. पिवळ्या स्कूट्या किती असतात शहरात, हे मला तेव्हा कळलं. एकीला थांबवलंही. ती ती नव्हती.

"घेतलं असंन तिनं इंजेक्शन," मामाजी म्हणत. मला चीड येई. पावली म्हटल्यावर कोण इंजेक्शन घेतं?

थंडी गेली, उन्हाळा गेला. मामाजी आता कोणाच्या गुराच्या तोंडात हात घालत नाहीत. फोन आला तर डॉक्टरचा नंबर देतात. या वर्षी नवी गाय आली, वासरू झालं, पुन्हा वसुबारस आली. बाया ताटं घेऊन आल्या. मी गायीपुढे घमेलं ठेवून उभी होते, घास त्यात टाका, तोंडाला हात लावायचा नाही. नाकं मुरडली, पण टाकले.

अंधार पडता पडता पिवळी स्कूटी आली.

माझ्या जिवात जीव आला. खरंच सांगते, त्या एका क्षणात मी देवाला नवससुद्धा बोलून गेले. मग हेल्मेट निघालं. आतून एक पुरुष निघाला, दाढी वाढलेला, हातात स्टीलचा डबा.

"रुपराव तुम्हीच ना, काका?" त्याने मामाजींना मोबाईल दाखवला. "या फोटोत हाय तुम्ही, चौकात दाखवला तं लोकांनी नाव सांगतलं. ही माही बायको, प्रीती. मागच्या वर्षी इथी थांबली होती."

फोटोत ती हसत होती. बोट ओठांशी होतं. मागे मोगरीच्या तोंडाला फेस.

"लय खुश होती त्या दिवशी. गाय पावली म्हणे." तो शांतपणे सांगत होता, हे बोलणं त्याने पुष्कळदा केलं असावं. "संक्रांतीच्या टायमाले गेली. आधी हाताले मुंग्या आल्या, मंग पाणीबी पाहवेना तिले. डॉक्टर म्हणे कुत्रं चावलं असंन. पण तिले कुत्रं कधी चावलंच नाही, काका. मी अजूनबी इचार करतो, कधी चावलं, कुठी चावलं. मले काहून सांगतलं नाही तिनं?"

यमुताईंनी ताट छातीशी धरलं. त्याने डबा उघडला, उडदाचा वडा काढला.

"पुढच्या वर्षीबी इथीच येईन म्हणत होती. तिच्या नावाचा घास द्याचा होता. हेच गाय ना?"

मामाजी पुढे झाले. त्यांनी उजवा हात वर केला, त्याचं मनगट धरायला, आणि तो हात मध्येच थांबला. अंगठ्यावर त्या चिरेचा व्रण अजून दिसत होता. त्या हाताला वेळेवर इंजेक्शनं मिळाली होती.

"हे ते गाय नाही, भाऊ," मामाजी म्हणाले. "आणि तुमच्या बायकोले कुत्रं चावलं नव्हतं."

तो वडा हातात धरून त्यांच्याकडे पाहत राहिला. नव्या गायीने घासासाठी मान लांब केली. मी दावं धरून तिला मागे ओढलं.