तीनशे दहा श्रोते

"हा रिपोर्ट जिवंत माणसाचा नाही," सुहाङमा म्हणाली आणि तिने फोन लोकेनच्या पुढ्यात ठेवला.

लोकेन एका गिटारची तार पिळत होता. त्याने मान वाकवून पाहिलं. गाणं ऐकलं गेल्याचा आकडा ब्याण्णव हजारांच्या वर गेला होता.

"दिदी, असा आकडा दिसावा म्हणून लोक देव पाण्यात घालून बसतात," तो हसला. "आणि तू रिपोर्ट-रिपोर्ट करतेस! लॅब जरा इस्पितळात ठेवून येत जा की."

पण लॅब इस्पितळात ठेवून येणं सुहाङमाला जमणारं नव्हतं. नेपाळमधल्या धरानच्या मोठ्या इस्पितळात ती एकोणीस वर्षं रक्त तपासत होती. सलाइन चालू असलेल्या हातातून कुणी रक्त काढून पाठवलं, तर कागदावर साखर आभाळाला भिडते आणि माणूस मात्र खाटेवर मजेत सफरचंद खात असतो, हे तिने कितीदा पाहिलं होतं. आकडा फार चांगला किंवा फार वाईट आला की ती आधी नमुन्यावर संशय घ्यायची, मग रोगावर. इस्पितळात तिला 'शंकेखोर दिदी' म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे.

गाणं तिचं होतं. आई गेली त्याच्या दुसऱ्या वर्षी तिने ते लिहिलं. आईला लिम्बूखेरीज दुसरी भाषा धड येत नव्हती. शेवटच्या पंधरा दिवसांत सुहाङमा ड्युटीवर असताना डॉक्टर नेपाळीत विचारायचे, कुठे दुखतंय? आई नुसती छताकडे बघत राहायची. सुहाङमा आली की मग एकेक दुखणं सांगायची, नावानिशी, जणू गावातल्या शेजाऱ्यांची नावं सांगावीत तसं. त्याच नावांचं गाणं झालं होतं. लोकेनने सुरुवातीला गिटारचा एक लांब तुकडा वाजवला होता. घंटाघराच्या मागच्या गल्लीतल्या त्याच्या गिटारच्या दुकानात, पलटणीच्या जुन्या ब्लँकेटांनी भिंती झाकलेल्या मागच्या खोलीत त्यांनी ते रेकॉर्ड केलं आणि लोकेनच्या खात्यातून जगापुढे सोडलं. तीन महिन्यांत ते चारशे वेळा ऐकलं गेलं. सुहाङमाला तेवढं पुष्कळ होतं. आणि आता नऊ दिवसांत हे.

"ऐकणारी माणसं किती?" तिने विचारलं.

"दिलंय ना खाली. तीनशे दहा."

"म्हणजे एकेकाने दिवसाला तेहतीस वेळा ऐकलं?"

लोकेनचा हात तारेवर थांबला.

"आणि हे बघ. सगळे फिनलंडच्या एकाच गावात. तिथे आपलं कोण आहे रे? हाँगकाँगात असतील, ब्रुनेईत असतील, इंग्लंडात तर अर्धं धरान आहे. फिनलंडात माझ्या आईचं दुखणं कोण ऐकतंय रोज तेहतीस वेळा?"

"कुठल्या तरी प्लेलिस्टमध्ये गेलं असेल."

"कुठल्या? त्यांचे प्रकार असतात म्हणालास ना? नीट सांग परत."

लोकेनने गिटार बाजूला ठेवली. तिला शिकवायला त्याला आवडायचं. तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण या बाबतीत तोच गुरू होता.

"एक यादी कंपनीत बसलेली माणसं करतात. त्यांच्यापुढे आपण आधी गाणं मांडायचं, त्याला पिच म्हणतात. घेतलं तर नशीब. दुसरी यंत्र करतं, ऐकणाऱ्याची आवड बघून. त्याच्यासाठी लोकांनी गाणं सेव्ह करायला हवं, अर्धवट सोडून पुढे जाऊन चालत नाही. तिसरी यादी कुणीही घरबसल्या करतो. त्याला क्युरेटर म्हणायचं. आणि खरा बाजार भरतो तो तिथे."

"मग ह्या तिसऱ्यातलंच असणार. किती जणांनी सेव्ह केलंय?"

"चार."

"आणि सरासरी किती वेळ ऐकलं?"

लोकेनने पडदा वर सरकवला. "एकतीस सेकंद."

"एकतीसच का?"

"तीस सेकंद झाली की ते ऐकणं मोजलं जातं, दिदी. त्याच्या आत सोडलं तर नाही."

सुहाङमाने मनात हिशेब केला. गिटारचा तुकडा संपून गाण्याचा पहिला शब्द चाळिसाव्या सेकंदाला यायचा. ब्याण्णव हजार वेळा गाणं वाजलं होतं आणि आईचा एक शब्दही कुणाच्या कानावर पडला नव्हता.

"लोकेन," ती हळू म्हणाली, "त्या काठमांडूवाल्याला तू हो म्हणालास का?"

काठमांडूवाला म्हणजे बिभूषण. साउन महिन्यात, म्हणजे श्रावणात, त्याचा फोन आला होता. पैसे द्या, एक लाख स्ट्रीम, म्हणजे लाखभर वेळा ऐकणं, हमखास, असं तो म्हणाला होता. "हमखास हा शब्द तर डॉक्टरसुद्धा वापरत नाहीत," असं म्हणून सुहाङमाने विषय तिथेच संपवला होता. लोकेन तेव्हा काही बोलला नव्हता. ते न बोलणं आता तिला आठवत होतं.

"नाही," लोकेन म्हणाला.

"नक्की?"

"नाही म्हटलं ना, दिदी."

ती घरी आली. पण संशय आंबवलेल्या सोयाबीनसारखा, एकदा पानात बांधून ठेवला की त्याचा वास घरभर होतोच. आठवडाभर तिला लोकेनच्या गोष्टी नव्याने दिसू लागल्या. दुकानात एक नवा स्पीकर आला होता. बुधवारी तिच्यासमोर फोन वाजला, तर तो गल्लीत जाऊन बोलला. गुरुवारी तिने आकडा पुन्हा विचारला, तर म्हणाला, "सोड ना, आपोआप उतरेल." एवढा निश्चिंत कसा? लॅबमधल्या पवित्राला तिने सगळं सांगितलं.

"आगीशिवाय धूर निघतो का, दिदी?" पवित्रा नळ्या पुसत म्हणाली. "तुमचं नाव झालं की त्याच्या गिटारच्या क्लासला मुलं वाढणार. त्याचा फायदा आहेच की."

हे सुहाङमाच्या मनात आलंच नव्हतं असं नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि ते खरं वाटायला लागलं.

शनिवारी सुट्टी होती. ती दुकानात गेली, तेव्हा लोकेन एकटाच होता.

"बस, दिदी. नळाला आज तिसरा दिवस पाणी नाही. चहा समोरून घेऊन येतो."

तो गेला. त्याचा फोन टेबलावर होता. गाणी चढवायला तो तिच्याच हातात द्यायचा, त्यामुळे कुलूप कसं उघडायचं हे तिला ठाऊक होतं. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग फोन उचलला.

बिभूषणचे निरोप सापडायला वेळ लागला नाही. त्याचे अकरा होते. लोकेनचे दोन. पहिल्यात लिहिलं होतं, 'दिदी नको म्हणते. गाणं तिच्या आईचं आहे. कृपा करून पुन्हा विचारू नका.' दुसरा त्यापुढच्या भदौ महिन्यातला. 'तुम्ही माझ्या बाकीच्या गाण्यांना फुकट देतो म्हणालात, तेही नको. खोट्या माणसांपुढे आम्ही गात नाही.'

तिने वर खाली पाहिलं. आणखी काही नव्हतं. तरी तिने आणखी एकदा पाहिलं, आणि त्या दुसऱ्यांदा पाहण्यातच वेळ गेला. मान वर केली तेव्हा लोकेन दारात उभा होता, दोन्ही हातांत चहाचे ग्लास घेऊन.

"सापडलं काही?" त्याने विचारलं.

तिने फोन टेबलावर परत ठेवला. त्याने एक ग्लास तिच्यापुढे ठेवला.

"घ्या. थंड होईल."

वीस वर्षांत तो तिला पहिल्यांदा 'घ्या' म्हणाला होता.

चार दिवसांनी गाणी पसरवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. लोकेनने ते तिला नुसतं पुढे पाठवलं, सोबत एक शब्द नाही. गाण्याला कृत्रिम श्रोते लावल्याचं आढळलं आहे. गाणं काढलं आहे. दहा दिवसांत खुलासा न आल्यास खातं बंद होईल.

खातं लोकेनचं होतं. त्यात अकरा वर्षांची बासष्ट गाणी होती. शिष्यांची, शेजाऱ्यांची, बिजयपूरच्या एका म्हाताऱ्या पुजाऱ्याची, जो आता नव्हता. त्यांतली कित्येक दुसरीकडे कुठेच उरली नव्हती, कारण मागच्या पावसाळ्यात दुकानात पाणी शिरून लोकेनचं जुनं यंत्र गेलं होतं.

सुहाङमा अर्धी सुट्टी टाकून दुकानात गेली. माफी कशी मागायची याची तिने वाटेत चार वाक्यं जुळवली होती. पण ती बोलली वेगळंच.

"खुलासा मी लिहिते," ती म्हणाली. "आकडे वाचणं माझं काम आहे."

"लिहा."

"त्याला पुरावा लागेल. तू बिभूषणला नको म्हणालास, त्याचा." ती थांबली. "तुझा फोन लागेल."

लोकेनने खिशातून फोन काढला, कुलूप उघडलं आणि निरोप समोर आणून तिच्या हातात दिला. मग गिऱ्हाईक नसतानाही तो बाहेर जाऊन पायरीवर बसला.

तिने रिपोर्ट लिहितात तसा खुलासा लिहिला. कोणत्या तारखेला किती श्रोते, कोणत्या गावातले, किती सेकंद. पहिला शब्द चाळिसाव्या सेकंदाला येतो. ज्याला हे गाणं वाढवायचं असतं, त्याने निदान एकदा ते पूर्ण ऐकलं असतं. खाली तिने लिहिलं, 'लोकेन्द्र राई यांनी हे केलेलं नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाची मी हमी देते.' हमी हा शब्द तिने पुन्हा वाचला. त्याच माणसाचा फोन तिने चोरून उघडला होता. पण खोडायचं तरी काय? वाक्य खरं होतं. लिहिणारी उशिरा पोचली होती, एवढंच.

उत्तर दसैंच्या, म्हणजे दसऱ्याच्या, चार दिवस आधी आलं. एका खोट्या यादीवाल्याने पैसे घेऊन लावलेल्या गाण्यांमध्ये शेकडो लहान गायकांची गाणी न विचारता मिसळली होती, यादी खरीखुरी दिसावी म्हणून. तुमचं गाणं त्यांतलं एक. खातं राहील. काढलेलं गाणं मात्र परत लागणार नाही. हवं तर नव्याने चढवा.

नमुन्यात बाहेरून घाण पडली होती. ओळखीतल्या कुणाचाच हात नव्हता. बिभूषणचासुद्धा नव्हता.

ती दुकानात गेली तेव्हा लोकेन एका मुलीच्या गिटारला नवी खुंटी बसवत होता.

"वाचलं," तो म्हणाला. "बासष्ट वाचली. आभार मानायला हवेत तुमचे."

"लोकेन, मी त्या दिवशी..."

"राहू दे, दिदी." दिदी तो अजून म्हणत होता. "तुमच्या नावाने वेगळं खातं उघडलंय. गाणं त्यातून चढवलंय, सकाळीच. आता सगळे आकडे थेट तुम्हाला दिसतील. मधे कुणी नको."

त्याने टेबलाच्या खणातून एक शाळकरी वही काढून दिली. पहिल्या पानावर खात्याचं नाव आणि परवलीचा शब्द होता. पुढची नऊ पानं त्याच्या सुबक अक्षरात भरलेली होती. पिच, सेव्ह, स्किप, क्युरेटर. दोन वर्षांत तिने विचारलेला एकेक शब्द, त्यापुढे अर्थ, कुठे बघायचं ते, कशापासून सांभाळून राहायचं ते. एवढं लिहायला किती संध्याकाळी लागल्या असतील, कुणास ठाऊक.

"हे सगळं कशाला लिहीत बसलास?" ती म्हणाली. "मी विचारलं असतं की."

"म्हणूनच लिहिलं," लोकेन म्हणाला. "आता विचारायला यावं लागणार नाही."

त्याने खुंटी घट्ट केली, तार छेडली आणि सूर लागला की नाही हे ऐकायला कान गिटारवर टेकवला. सुहाङमा वही छातीशी धरून उभी राहिली. सूर लागेपर्यंत ती थांबली. मग पायरी उतरून गल्लीत आली.