कागदावर उतरलेली कॉलर

थोरली जाऊ शिवणकाम शिकवायची. तिने मुलींसाठी पुस्तिका लिहायला घेतली, पण कॉलर कशी बसवायची ते काही केल्या शब्दांत उतरेना. धाकट्या जावेने टीव्हीला जोडलेल्या आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर ठिपक्याला ठिपका जोडत कॉलर काढली. मात्र ते चित्र पानात घालताच मेमरी भरली.

"ताई, मजकूर निम्मा करावा लागेल."

"कर की. चित्र असल्यावर माझं चऱ्हाट कोण वाचतंय?"

प्रिंटर करकरू लागला. पट्टीपट्टीने कॉलर कागदावर उतरली, अगदी टाक्यांसकट. थोरलीला तो कागद खाली ठेववेना.

"मला जन्मात सांगता आलं नसतं, ते तू दाखवलंस गं," ती म्हणाली, आणि पुस्तिकेवर आपल्या नावाशेजारी तिने धाकटीचंही नाव टाकायला लावलं.