घरी आलेल्याला ‘ऊठ’ म्हणणं

रेहानाच्या तोंडाला गावात मान होता. म्हणजे लोक तिला भ्यायचे, आणि त्या भिण्यालाच ती मान समजायची. किहीमच्या अलीकडे, रस्ता सोडून आत नारळाच्या वाडीत तिचं दुमजली घर. नवरा इसहाक वीस वर्षं कुवेतला आणि मुलगा तबरेजही त्याच्या मागोमाग तिकडेच. घरात ती आणि तबरेजची बायको अक्सा, एवढंच. एवढ्या मोठ्या घरात दोघीच बायका, असं कुणी कळवळून म्हणालं की रेहाना म्हणायची, “दोघी कुठल्या? माझी जीभ धरून तिघी.”

आसपास दोन-तीन घरांत भरदुपारी चोऱ्या झाल्या, सगळ्या बायकाच असलेल्या घरांत. तेव्हा गावच्या शाळेत बायकांसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू झाला. अक्सा गेली. रेहाना एकच दिवस गेली, तीही फुकटचा तमाशा बघायला. पनवेलहून केतन नावाचा शिक्षक यायचा. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. आता हा लाथा मारून दाखवणार आणि गावातल्या हफ्सासारखी गुडघेदुखीवाली बाई हवेत पाय फेकून आडवी होणार, या आशेनं रेहाना खुर्ची ओढून पुढे बसली.

पण लाथ कुठलीच निघाली नाही. केतन नुसता बोलतच होता. मान वर ठेवून चाला. कुठेही बसलात तरी बाहेर पडायची वाट कुठे आहे ते आधी बघा. अनोळखी माणसाला दोन हात लांब ठेवा. “आणि नको वाटलं तर नको म्हणा. नको म्हटल्यावर समोरचा काय करतो, ते बघायचं. भला माणूस मागे सरतो. नको ऐकूनही जो पुढे येतो, त्याच्याशी वाद घालत बसू नका. निघा. आपलं घर असलं तरी सोडून निघा, घर कुठे पळत नाही.” मग त्यानं सगळ्यांना मोठ्यानं ‘नाही’ म्हणायला लावलं. झालं! बायका ओढणी तोंडात कोंबून खिदळायला लागल्या. हफ्सा तर असं लाडिक ‘नाही’ म्हणाली की कुणीही तिच्या ताटात आणखी एक वडी वाढली असती.

“ह्याच्यासाठी पनवेलवरनं मानूस आनलाय?” रेहाना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “माझ्याकडं पाठवा ह्यांना. मी रोज आख्ख्या गावाला न्हाय म्हनते, ते पन फुकटात.”

केतन रागावला नाही. “कुणाकुणाला म्हणता, भाभी?” त्यानं विचारलं.

हा काय प्रश्न झाला? रेहाना उठली आणि घरी आली. संध्याकाळी अक्सा चपाती वाढायला जवळ आली तर म्हणाली, “दोन हात लांब हो गो, मी अनोळखी हाय.” पुढे आठ दिवस हा विनोद चालला. अक्सा हसायची नाही आणि उलटून बोलायचीही नाही. ती गप्प राहते म्हणजे तिला काही कळत नाही, असा रेहानाचा पक्का समज होता.

आता आखाती घरांतली एक रीत सांगायला हवी. तिकडून कुणी सुट्टीवर यायला निघाला की आजूबाजूच्या चार गावांतले लोक आपापल्या घरची खोकी त्याच्या गळ्यात मारतात. चिकटपट्टीनं आवळलेलं, सुतळीनं बांधलेलं खोकं, आणि वर जाड काळ्या शाईत पाठवणाऱ्याचं न् घरच्या माणसाचं नाव, गाव, फोन नंबर. तो आला की त्याचा निरोप येतो आणि आपण त्याच्या घरी जाऊन खोकं आणायचं. त्याचा पाहुणचार घ्यायचा, परत जाताना त्याच्या हाती सुके बोंबील न् मसाला द्यायचा. खोकं आणणाऱ्याला कुणी परका मानत नाही, तो नवऱ्याच्या हातचं आणलेला माणूस. त्याला दारात उभं ठेवलं तर कुवेतपर्यंत नाक कापलं जातं. आणि एवढ्या अपूर्वाईचं ते खोकं, त्यातले साबण-अत्तर-बदाम काढून झाले की आम्ही कुठे टाकतो? रस्त्याच्या कडेला. नावगावफोनासकट. वर्गात येऊन मान वर ठेवायला शिकणाऱ्या बायकांतल्या एकीच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारची जेवणं आटपली होती. फाटकातून एक माणूस आत आला, पन्नाशीच्या आतबाहेर, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर खोकं. पायऱ्यांशी थांबून अदबीनं म्हणाला, “सलाम. इसहाकभाईंची अमानत आणलीय.” नाव मुझम्मिल सांगितलं, गाव मुरुडकडचं. दोन्ही खोटी असणार, पण ते नंतर.

अक्सा ओटीच्या जाळीशी होती. तिनं कडी काढली नाही. “खोकं हितंच ठेवा, चाचा. आमी मग घेऊ आत.”

“ठेवतो ना बेटी. सासूबाई आहेत का?”

ती नको म्हणाली, तेव्हा तो मागे सरला नाही. जी हो म्हणेल तिला हाक मारायला लागला. आणि ती आलीच, लगबगीनं, डोक्यावरची ओढणी सारखी करत. नवऱ्याचं नाव ऐकलं आणि तिचा चेहरा फुलला.

“अगो, जाळी उघड! उन्हात उभं केलंस त्यांना?”

“अम्मी, अब्बांचा काय फोन न्हाय आला. सामान आनायला तर आपन जातो.”

“मीच म्हटलं भाईंना,” तो माणूस हसून म्हणाला, “भाभींना कशाला एसटीचे धक्के खायला लावायचे? मुरुडहून अलिबागला यायचंच होतं, हे वाटेतच पडतं.”

मुरुडहून अलिबागला यायचं, आणि किहीम वाटेत! शाळेतल्या पोरालाही हसू आलं असतं. मुरुड अलिबागच्या खाली, किहीम अलिबागच्या वर. पण स्तुतीपुढे भूगोल कुठे टिकतो? आपल्यासाठी माणूस मुद्दाम आला, या आनंदात रेहानानं स्वतः कडी काढली आणि जाता जाता अक्साला म्हणाली, “वर्गात जाऊन अक्कल गहान ठेवलीस.”

तो सोफ्यावर बसला, दाराकडे तोंड करून. खोकं पायाशी ठेवलं. अक्सा आत आली नाही. ओटीच्या पायरीवर, जाळी सताड उघडी ठेवून उभी राहिली, हातात फोन. रेहानाला तिची अगदी चीड आली. पाहुण्यापुढे असं पहाऱ्यासारखं उभं राहायचं?

तो गोड बोलत होता. इसहाकभाई बारीक झालेत. पोरगाही गुणाचा आहे. घरात आणखी कोण असतं? शेजार लांब आहे नाही? वरच्या मजल्यावर कोण? रेहाना भडाभडा उत्तरं देत होती. मधे तिनं इसहाकला फोन लावला, लागला नाही. “आता ड्युटीवर असणार ते,” तो म्हणाला, आणि तिला ते पटलं. मग ती शरबत करून आली. तबक ठेवायला वाकली आणि खोक्याचा कोपरा तिला अगदी जवळून दिसला.

कोपऱ्यावर जांभळट डाग होता, तळहाताएवढा, कडेला पिवळा पडलेला.

तो डाग तिच्या ओळखीचा होता. उन्हाळ्यात तिनं आमसुलं वाळवली होती, आणि नीट वाळायच्या आधीच अक्सानं ती खोक्यात भरली म्हणून दोन दिवस तिला फैलावर घेतलं होतं. रस पाझरून खोक्याचा कोपरा खराब झाला. शेवटी रेहानानंच ते खोकं रस्त्याच्या कडेला फेकून दिलं होतं. हे तेच. वर नवी चिकटपट्टी, नवी सुतळी. तिचंच खोकं तो तिला आणून देत होता.

 तिनं तबक टेबलावर ठेवलं आणि सरळ उभी राहिली.

आता इथे गावाला ठाऊक असलेली रेहाना असती तर काय झालं असतं? मासळीवाल्या ठमाबाईच्या टोपलीतली सुरमई नाकाशी धरून “हिला मरून चाळिसावा झालाय काय गो?” म्हणणारी रेहाना. भर वर्गात शिक्षकाचा पाणउतारा करणारी रेहाना. तिला फक्त एक शब्द म्हणायचा होता, ‘उठा’. तो तिच्या तोंडात आला, दातांपर्यंत आला आणि तिथेच बसला. समोर सोफ्यावर बसलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, अदब. खोकं घेऊन आलेला. त्याला असं कसं म्हणायचं?

“आमाला जरा... अलिबागला जायचं होतं,” ती कशीबशी म्हणाली.

“जाल हो. एवढी काय घाई?” त्यानं पाय पसरले. “सूनबाईंना आत बोलवा ना. दार लावून घ्या, झळा येतात.”

“नको,” अक्सा बाहेरून म्हणाली. “दार उघडंच राहू दे.”

तो हसला. मग सोफ्यावरून उठला आणि स्वतःच दाराकडे निघाला.

अक्सा एक पायरी उतरली, मग दुसरी, अंगणात जाऊन उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, “नाही! दार लावायचं नाही! बाहेर व्हा! अम्मी, तुमी पन बाहेर या!”

वाट मोकळी होती. त्यानं दाराची एक फळी लावली होती, दुसरी उघडी होती आणि रेहाना तिच्यापासून चार पावलांवर. तो थांबलासुद्धा. वळून रेहानाकडे बघत, दुखावल्यासारखा चेहरा करून म्हणाला, “भाभी, सुनेला काही तमीज शिकवली नाहीत?”

आणि रेहानाची अडकलेली जीभ एकदम सुटली.

“अक्सा!” ती कडाडली. “मेहमानाशी असं बोलतात? तोंड बंद कर!”

आपण काय बोललो ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकू आलं. हा चोर आहे हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून तिनं ओरडायला माणूस निवडला तो अंगणातला, जो कधी उलट बोलत नाही. दाराशी उभ्या चोरानंही ऐकलं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. त्यानं शांतपणे दुसरी फळी ओढली आणि आतून कडी घातली.

पुढचं फार वेळ चाललं नाही. तो आता गोड बोलत नव्हता, फारसं बोलतच नव्हता. त्यानं हात पुढे केला, तिनं बांगड्या काढून दिल्या. एक निघेना तेव्हा त्यानं ती ओढली, मनगट सोलून निघालं. गळ्यातली साखळी तिनं आपल्या हातानं काढली. कपाटाची चावीही देणार होती. पण बाहेर अक्सानं गाव गोळा केलं होतं. फाटकातून ठमाबाई टोपली टाकून शिव्या घालत धावत येत होती, मागून वाडीवरचे दोघे गडी. दारावर धक्के बसायला लागले तसा तो स्वयंपाकघरातून मागच्या दारानं नारळीत शिरला तो गेलाच. खोक्यात विटा निघाल्या आणि एक फाटकी उशी.

घर बायकांनी भरलं, ते दिवेलागण झाली तरी भरलेलंच. कुणी पाणी दिलं, कुणी मनगटाला हळद लावली. हफ्सा रडत होती, जणू बांगड्या तिच्या गेल्या. इसहाकचा फोन लागला तेव्हा अक्सानंच घेतला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, “अम्मींना कळलंच न्हाय, अब्बा. तो लय गोड बोलत होता. कुनालापन कळलं नसतं.”

ही पोरगी आपल्याला झाकत होती. तोंड बंद कर म्हटलेलं तिनं अंगणात नीट ऐकलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर ती फोनवर बोलली नाही. रेहानाला आयुष्यात कुणी एवढं खाली बघायला लावलं नव्हतं.

“मला कळलं होतं,” ती म्हणाली.

हळद लावणारीनं मान वर केली.

“शरबत ठेवताना कळलं. खोकं आपलंच हाय ते दिसलं मला. त्याला ऊठ म्हनता आलं न्हाय. अन् ही वाचवायला ओरडत होती, तर हिलाच दरडावलं मी.”

हफ्सानं डोळे पुसले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. “असू दे गो रेहाना. घरी आलेल्याला कुनी ऊठ म्हनतं काय? आमी पन न्हाय म्हटलं असतं.”

“व्हय तर,” दुसरी म्हणाली. “चांगल्या घरच्या बायकांच्या तोंडात तो शब्दच येत न्हाय.” आणि सगळ्यांनी माना हलवल्या, समाधानानं, एकीमागून एक.

रेहानानं त्या हलणाऱ्या मानांवरून नजर फिरवली. मेंढरं, तिच्या मनात आलं, आणि लगेच हेही आलं की त्या कळपात सगळ्यात पुढे आपणच आहोत. तिनं सोललेलं मनगट मांडीवर घेतलं. अक्सा कोपऱ्यात उभी होती, कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. तिनं अंगणात ‘बाहेर व्हा’ म्हटलं ते चांगल्या घरच्या सुनेला शोभलं की नाही, यावर आता हळूच कुजबुज सुरू झाली होती.

“चला, उठा,” रेहाना म्हणाली.

कुणाला म्हणतेय ते आधी कुणाला कळलं नाही. हफ्सानं इकडेतिकडे पाहिलं.

“तुमाला सगळ्यांना म्हनते. उठा. माझ्या सुनेला जेवायचं हाय.”