वनमालाबाईंचा उजवा हात

मी एक जुनी सुती सतरंजी आहे. जुनी म्हणजे फाटकी नव्हे, हं! माझ्या विणीतून बोट आरपार घालून दाखवा, मग बोला. मित्रांनो, ज्या घराने माझ्यावर घाम गाळला, त्या घराचं खरंखोटं माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

मला नई सडकेवरच्या दुकानातून घरचे कर्ते बळवंतराव यांनी आणलं. ते माझ्यावर जोर काढत. घराणं दक्षिणेतून इकडे हिंदी मुलखात आलेल्या मराठी शिपायांचं, आणि घरात कायदा एकच: 'दुखतंय' म्हणायचं नाही. जो म्हणेल, त्याच्या पानात सगळ्यांदेखत तान्ह्या बाळाचं मऊ खिमट वाढत. मग कोण कशाला बोलतंय!

त्यांच्या सूनबाई वनमालाबाई याच शिस्तीत मुरल्या. पुढे थाटीपुर वस्तीतल्या राहत्या घरी त्या बायकांना योगासनं शिकवू लागल्या. मी पुढे, मधोमध. माझा काय तोरा होता!

एकदा शेजारची गरिमा म्हणाली, "आंटीजी, साठ की उम्र में शीर्षासन! हमसे तो झुका भी नहीं जाता."

कौतुक वाईट. बाई उतरायच्या सोडून आणखी ताणून उभ्या राहिल्या. मानेत कट्‌कन काही झालं. कट्‌कन झालेलं फक्त मला कळलं. बाई हसत खाली आल्या. पण त्या दिवसापासून त्यांचा उजवा तळवा माझ्यावर ओल्या फडक्यासारखा पडायचा. सगळा भार डाव्यावर. बाई दार लावून तेल चोळायच्या आणि दार उघडून आवाज चढवायच्या.

मग नात हर्षिताने जांभळी रबरी मॅट आणली आणि मी गेले माळ्यावर. वर्षभर धूळ खाल्ली. मॅटवर घामाने कोपर घसरायला लागलं, तेव्हा माझी आठवण झाली! येत्या रविवारी भोपाळला तिची स्पर्धा होती.

गुरुवारी सकाळी ती वृश्चिकासनाला बसली. दोन्ही कोपरं माझ्यावर, पाय वर, आणि पाठ मागे वाकवून पावलं डोक्याकडे आणायची. धरायला बाई.

"आजी, पक्का धर हं. तू आहेस म्हणून मी पाय सोडते."

"चढ गं, बडबड नको. तुझ्यासारख्या वीस जणींना उलटं केलंय मी."

हर्षिता वर गेली. बाईंचा डावा हात तिच्या कमरेला, उजवा घोट्याला. पोरीचा भार उजवीकडे कलू लागला. बाईंच्या पायाची बोटं मला घट्ट धरायला लागली, इतकी की माझे धागे ताणले. उजव्या हाताची बोटं एकेक सुटत होती. पोरीच्या मानेखाली मी, आणि माझ्याखाली दगडी फरशी.

"आजी, छोड़ना मत!"

बाईंनी पकड पुन्हा आवळून पाहिली. मी मनात म्हणत होते, बोल गं बये, आता तरी बोल!

"उतर!" बाई ओरडल्या. "हर्षे, उतर, डावीकडे! माझ्या उजव्या हातात जीव नाही गं!"

पाय डावीकडे आले, बाईंच्या खांद्यावर आदळले, आणि दोघी माझ्यावर धपकन पडल्या.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"और बताया नहीं?"

"कोणत्या तोंडाने सांगू?"

पोर रडायला लागली. मला वाटलं, भीतीने. ती म्हणाली, "आजी, माझा डावा खांदा महिन्यापासून दुखतोय. रोज बाम लावून येते. तू रागावशील म्हणून..."

"बाम! मला वाटायचं, सर्दी झालीय मेलीला."

भोपाळला कुणी गेलं नाही. दोघी डॉक्टरकडे गेल्या. हर्षिताला दीड महिना विश्रांती सांगितली. बाईंना डॉक्टर म्हणाले, "लवकर यायला हवं होतं." दोन बोटं अजून बधिरच आहेत, ती तशीच राहणार.

आता बाई खुर्चीवर बसून शिकवतात. वर्गात आधी विचारतात, "कुणाला कुठे दुखतंय?" पहिल्या दिवशी गरिमाने कंबर सांगितली आणि मग रांगच लागली. आसनं राहिली बाजूला. "एवढी दुखणी घेऊन वाकत होतात? अकला गहाण ठेवल्या काय!" बाई कडाडल्या. बायका हसल्या. बाई हसल्या नाहीत.

मित्रांनो, मला धुवा न धुवा, ऊन दाखवा न दाखवा, तुमची मर्जी. पण माझ्यावर अंग टाकाल, तेव्हा खरं टाका. तुमचं दुखणं मला कळतं, पण ओरडता येत नाही. तुम्हाला येतं.